सोनेगावची शिडी

१४ ऑक्टोबर १९५६. विजयादशमी, रविवार. नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर लाखोंचा समुदाय जमला होता. व्यासपीठावर बाबासाहेब आंबेडकर बौद्ध धम्माच्या दीक्षेसाठी उभे होते. अंगात पांढरा कोट, नेसूचं पांढरं रेशमी धोतर, एका हातात काठी आणि दुसरा हात त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर. त्या दिवसाबद्दल बोलताना लोक बावीस प्रतिज्ञा सांगतात, गर्दी सांगतात, पांढऱ्या साड्यांनी भरून गेलेले रस्ते सांगतात. ते सगळं खरंच आहे. मला मात्र त्या वर्णनात दर वेळी तो खांद्यावरचा हात दिसतो.

बाबासाहेब तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. मधुमेह जुना होता, पायांच्या नसांचं दुखणं वाढत गेलं होतं, आणि आधाराशिवाय चालणं जवळजवळ संपलं होतं. अशा अवस्थेत ते तीनच दिवस आधी, ११ ऑक्टोबरला, पत्नी माईसाहेब आणि रत्तू यांच्यासह दिल्लीहून विमानाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरले आणि सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात मुक्कामाला गेले. त्या काळी सोनेगावला विमानातून उतरायचं म्हणजे शिडीने. दुसरी वाट नव्हती.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सोनेगावला आले. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्या रात्री त्यांचं पार्थिव मुंबईला नेणारं विमान वाटेत नागपूरला थांबलं. दीक्षा घेऊन पुरते आठ आठवडेही न झालेली माणसं अंधारात विमानतळावर दर्शनाला उभी होती. विमान पहाटे सांताक्रूझला पोचलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आज सोनेगावच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. दारावरच्या त्या मोठ्या अक्षरांखालून रोज कितीतरी व्हीलचेअरी आत ढकलल्या जातात. कुणी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा धंतोलीच्या एखाद्या दवाखान्यात दाखवून परत निघालेलं असतं, कुणी पुण्याच्या लेकीकडे, कुणी थेट न्यू जर्सीच्या नातवाकडे. चालता न येणाऱ्या माणसाने विमानात कसं चढायचं, या प्रश्नाचा इतिहास कुणी सलग लिहून ठेवलेला नाही. विमानांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इंजिनं मोजली, पंख मोजले, वैमानिकांचे तास मोजले. शिडीच्या पायऱ्या मोजायचं कुणाला सुचलं नाही. त्या मोजायच्याच झाल्या तर सोनेगावसारखी जागा नाही.

हा तळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने इथे मुक्कामाचा तळ केला, तेव्हा जुन्या इमारतींची डागडुजी झाली. पण सोनेगावचं खरं वैभव आलं ते जानेवारी १९४९ मध्ये. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री टपालाची विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची. झिरो माइलचं, देशाच्या मध्यावरचं गाव म्हणून नागपूरकर जो तोरा मिरवतात, त्याचा प्रत्यक्ष उपयोग एवढ्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी केला नसेल. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटे विमानं आपापल्या गावी परत. आज टाकलेलं पत्र उद्या देशाच्या दुसऱ्या टोकाला. ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली.

थैल्यांबरोबर माणसंही असत. ऐन मध्यरात्री सगळं शहर झोपलेलं असताना सोनेगाव जागं असायचं. चार दिशांची माणसं डोळे चोळत धावपट्टीवर उतरत, चहा घेत, विमान बदलत. १९५३ मध्ये इथे नवी इमारत झाली, तिच्यात उपाहारगृह होतं, विश्रांतीच्या खोल्या होत्या, पुस्तकांचा स्टॉल होता, आणि विमानं पाहायला आलेल्या हौशी मंडळींसाठी सज्जाही होता.

विमान बदलायचं म्हणजे एक शिडी उतरायची आणि दुसरी चढायची. धडधाकट माणसाला त्यात काही वाटत नाही. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी एका तिकिटात चार वेळा परीक्षा.

ती विमानं बहुतेक डकोटा. महायुद्धानंतर लष्कराची उरलेली डकोटा विमानं स्वस्तात मिळाली आणि त्यांच्यावरच आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये त्या सगळ्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या वाट्याला चौऱ्याहत्तर डकोटा आल्या. डकोटाचं तिसरं चाक शेपटाखाली. त्यामुळे जमिनीवर उभी असताना ती नाक वर करून, बसलेल्या कुत्र्यासारखी दिसते. दार मागच्या बाजूला, म्हणजे जिथे विमान जमिनीला सर्वांत जवळ असतं तिथे. शिडी आखूड, मोजक्या पायऱ्यांची. पण आत पाऊल टाकलं की पुढे सरळ चढ. पुढच्या रांगेत जागा असेल तर खुर्च्यांच्या पाठी धरधरून वर जायचं.

चालता न येणाऱ्याला उचलायचं. एकाने काखेत हात घालायचे, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. उचलणारे बहुधा सामान चढवणारे हमालच, कारण ओझं उचलायची सवय त्यांना. यात दुष्टपणा काही नव्हता. आपल्याकडे म्हाताऱ्यांना तीर्थयात्रेला डोलीत बसवून नेतात, पंढरपूरच्या गर्दीत आजीला नातू पाठुंगळी घेतो. उचलणं ही मायेची गोष्ट आहे, अशीच आपली समजूत. पण घरच्या माणसाने उचलणं वेगळं आणि शंभर डोळ्यांसमोर अनोळखी माणसाने काखेत हात घालून उचलणं वेगळं. बायकांना तर हे फारच वेगळं. विमानात बसण्याची ऐपत असूनही घरीच राहिलेली माणसं कुठल्याच नोंदवहीत सापडत नाहीत.

यंत्राने हे काम होऊ शकतं, हे तेव्हाही जगाला माहीत होतं. इंडियन एअरलाइन्सच्या त्या पहिल्या ताफ्यात डकोटांबरोबर तीन स्कायमास्टर विमानं होती. त्याच स्कायमास्टरचा लष्करी अवतार अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दिमतीला होता. रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये पोलिओ झाला आणि त्यांचे पाय गेले. त्यांच्या विमानाच्या पोटात बॅटरीवर चालणारा एक छोटा पाळणा बसवलेला होता. चाकाच्या खुर्चीसकट माणूस जमिनीवरून थेट विमानात. यामागे नुसती सोय नव्हती. अध्यक्ष जिथे उतरणार तिथे आधी लाकडी उतार बांधावा लागे, आणि तो दिसला की शत्रूच्या हेरांना सुगावा लागणार, अशी धास्ती होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते याल्टाच्या परिषदेला त्या विमानाने गेले. तेवढा एकच प्रवास. एप्रिलमध्ये ते वारले.

म्हणजे एका माणसासाठी, एकदाच, हा प्रश्न सुटला होता. इतरांसाठी तो सोडवायला पुढची पन्नास वर्षं लागली, कारण इतरांच्या मागावर हेर नव्हते.

रूझवेल्ट यांच्या त्या विमानाच्याही आधी एक साधी पण फार मोठी गोष्ट घडून गेली होती. १९३३ च्या सुमारास लॉस एंजलिसमध्ये हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघांनी घडीची व्हीलचेअर काढली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात कमरेखाली पांगळे झालेले अभियंता, जेनिंग्ज त्यांचे मित्र आणि तेही अभियंता. नळ्यांची चौकट, खाली फुलीसारखी जोडणी, मधे कापड. ओढली की मिटते. त्याआधीच्या खुर्च्या वेताच्या, लाकडाच्या, चाकं लावलेल्या आरामखुर्च्याच जणू. मिटणारी खुर्ची मोटारीत मावली, आगगाडीत मावली आणि विमानाच्या पोटातही मावली. आपल्या सरकारी दवाखान्यांच्या व्हरांड्यात आजही जी खुर्ची दिसते, तिचं मूळ तिथलंच.

खुर्ची मिटली, पण विमान माणसाकडून काही अपेक्षा ठेवून होतंच. त्याला बसणारा माणूस लागतो. नागपूरपासून दोनेक तासांच्या अंतरावर वरोऱ्याजवळ आनंदवनात जो माणूस राहत होता, तो बसू शकत नव्हता. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबा आमटे एकतर उभे तरी असत किंवा आडवे तरी. १९८५ च्या डिसेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. तरुण पोरं सायकलींवर, बाबा गाडीत अंथरलेल्या बिछान्यावर. देश आडवं पडून पाहायचा आणि सभेत उभं राहून बोलायचं. विमानात आडवं जायचं तर स्ट्रेचर लावावं लागतं. त्यासाठी खुर्च्या काढाव्या किंवा पाडाव्या लागतात आणि तितक्या खुर्च्यांचं भाडं मोजावं लागतं. एखादी सवारी गाडी मात्र गावातला सुतार आणि गॅरेजवाला मिळून दोन दिवसांत बदलून देतात. अपंगांचा प्रवास आपल्याकडे दीर्घकाळ असाच, ओळखीच्या मिस्त्रीच्या भरवशावर झाला आहे.

मधल्या काळात विमानं बदलली. १९५७ मध्ये व्हायकाउंट आली, सत्तरच्या सुमारास बोइंग ७३७ आली, १९८९ मध्ये एअरबस ए-३२० आली. विमानं अधिक वेगवान आणि उंच होत गेली. डकोटाच्या मोजक्या पायऱ्यांच्या जागी एअरबसला अठरा-वीस पायऱ्यांची शिडी लागायला लागली. प्रगती होत गेली तशी शिडी वाढत गेली, असं म्हटलं तर ते टाळीचं वाक्य वाटेल, पण मोजमाप तेच सांगतं. डकोटात दोघांनी उचलून निभत होतं. एअरबसच्या शिडीवर, मे महिन्याच्या नागपुरी उन्हात, लोखंडी कठडे भाजत असताना, चौघंजण खुर्चीसकट माणूस वर नेऊ लागले. मधेच एक दम. खुर्चीतल्या माणसाचं तोंड आकाशाकडे. मी हे पाहिलेलं आहे. खुर्चीतल्या बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या आणि खालचा मुलगा म्हणत होता, “हात आत घ्या जी, काकू.”

हे असंच चालायचं, हे ज्याने मानलं नाही त्या माणसाचं नाव जावेद अबिदी. जन्म १९६५ चा, अलिगढचा. जन्मतःच मणक्यात दोष. किशोरवयात ते व्हीलचेअरवर आले. घरची मंडळी अमेरिकेला गेल्यावर त्यांनी ओहायोतल्या डेटन इथे राइट स्टेट विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण घेतलं. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव, आणि विद्यापीठाला नावही त्यांचंच. त्या विद्यापीठाच्या इमारती भुयारी वाटांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला कुणाला हाक न मारता वर्गात पोचता येतं. विमान जिथे जन्मलं त्या गावी हा मुलगा कुणाच्याही मदतीवाचून फिरायला शिकला आणि मायदेशी येऊन विमानाच्या शिडीशी थांबला.

१९९५ च्या डिसेंबरात दिल्लीत अपंगांनी संसदेपाशी निदर्शनं केली, आणि त्याच अधिवेशनात अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर झाला. अबिदी त्या निदर्शनांत पुढे होते. कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात वाहतुकीच्या साधनांविषयी कलम होतं. मात्र सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पुस्ती जोडलेली. आपल्या कायद्यांत ही पुस्ती दाराच्या कडीसारखी असते. आतून लावता येते.

१९९७ मध्ये अबिदी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या मागण्यांत विमानापुरतं मागणं अगदी साधं होतं. माणसाला खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, म्हणजे अँब्युलिफ्ट, विमानतळांवर हवी. विमानाच्या आतल्या अरुंद वाटेतून जाईल अशी निमुळती खुर्ची, म्हणजे आइल चेअर, हवी. आणि अंध प्रवाशांना इंडियन एअरलाइन्स जी निम्म्या भाड्याची सवलत देत असे, ती चालण्याचं अपंगत्व असणाऱ्यांनाही मिळावी. निकाल १७ डिसेंबर १९९८ ला आला. सवलत मिळाली, पण ऐंशी टक्के आणि त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांनाच. कंपनीच्या तिजोरीचा विचार न्यायालयाने केला. ऐंशी टक्क्यांची ती रेघ मला नेहमी चमत्कारिक वाटत आली आहे. एकोणऐंशी टक्केवाल्याला शिडी काही कमी पायऱ्यांची नसते. पण भाड्यापेक्षा मोठी गोष्ट त्या खटल्यात झाली: उचलणारी गाडी आणि अरुंद खुर्ची हे शब्द देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उच्चारले गेले. तोवर ते विमानतळाच्या कोठारातसुद्धा फारसे ऐकू येत नसत.

अमेरिकेत विमानप्रवासात अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदा १९८६ मध्येच झाला होता, तोही आधी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात अपंग सैनिकांची संघटना हरल्यावर. न्यायालयात हरलेली गोष्ट त्यांनी त्याच वर्षी संसदेकडून मिळवली.

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी आले, पुढे दिल्लीला गेले, आणि त्यांच्यासाठी कुतुबमिनारसारख्या वास्तूंच्या पायऱ्यांवर घाईघाईने लाकडी उतार बसवले गेले. अबिदी आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. रूझवेल्टचीच गोष्ट पुन्हा: मोठा माणूस आला की उतार सापडतो. फरक इतकाच, की या वेळी तो मोठ्या माणसाबरोबर परत जाऊ नये म्हणून धरून ठेवणारी माणसं हजर होती.

नागपूरला २००८ चं साल उजाडावं लागलं. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, सोनेगावच्या नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन झालं आणि नागपूरकरांनी प्रथमच एरोब्रिजमधून, एकही पायरी न चढता, विमानात पाऊल टाकलं. ज्यांना चालता येत होतं त्यांना ती शहराची शान वाटली. व्हीलचेअरवाल्यांना ते निव्वळ सपाट जमीन वाटली असणार, आणि तीच तर हवी होती. लगेच १ मे २००८ ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अपंग प्रवाशांविषयीची नियमावली काढली: प्रवाशाला केवळ अपंगत्वामुळे नाकारता येणार नाही, व्हीलचेअरचे पैसे घेता येणार नाहीत, गरज अठ्ठेचाळीस तास आधी कळवावी. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करारही त्याच आठवड्यात, ३ मे रोजी, जगभर अमलात आला. भारताने त्यावर आधीच्या ऑक्टोबरात शिक्कामोर्तब केलेलं होतं.

एरोब्रिज मात्र प्रत्येक विमानाच्या नशिबी नसतो. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांनी विमानं दूर उभी करून बसने प्रवासी नेणं पत्करलं, आणि त्यातून एक तोड निघाली. इंडिगोने शिडीऐवजी वळणावळणाचा लांब उतार आणला. चाकावरची बॅग, बाळाची गाडी आणि व्हीलचेअर, तिघींची एकच वाट. यात परोपकार किती आणि प्रवासी झटपट चढवून विमान लवकर उडवण्याचा हिशेब किती, ते सांगणं अवघड. पण अपंगांसाठी वेगळं काही न करता सगळ्यांसाठीच सपाट वाट करावी, हे तत्त्व त्या उताराने कुठलंही भाषण न देता अमलात आणलं.

नियम कागदावर होते. ते कुणाला किती ठाऊक आहेत, हे १९ फेब्रुवारी २०१२ ला कळलं. कोलकात्याच्या जीजा घोष गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटीने, म्हणजे आताच्या ‘अडॅप्ट’ने, गोव्यात परिषद ठेवली होती, आणि तिच्यासाठीच हा प्रवास होता. अपंगांच्या हक्कांवर बोलायला निघालेल्या बाईंना स्पाइसजेटच्या विमानातून, जागेवर बसल्यानंतर, खाली उतरवलं गेलं. परिषद त्यांच्यावाचून झाली. घोष आणि अडॅप्ट सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मे २०१६ ला न्या. ए. के. सिकरी आणि न्या. आर. के. अगरवाल यांनी दहा लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. त्या निकालपत्रात अमेरिकेच्या ज्युडिथ ह्यूमन यांचं वचन आहे. व्हीलचेअरवरून लढलेल्या या बाईंनाही १९७५ मध्ये सोबतीशिवाय प्रवास करतात म्हणून विमानातून उतरायला सांगितलं होतं. त्या उतरल्या नाहीत आणि त्यांना अटक झाली. अमेरिका काय आणि कोलकाता काय, गोष्ट फिरून फिरून विमानाच्या दाराशीच येते.

घोष यांना उतरवलं तो दिवस आणि निकालाचा दिवस, या दोन तारखांच्या मधे नागपूरची एक वेगळी व्हीलचेअर आहे. ९ मे २०१४ ला दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना पोलिसांनी दिल्लीत अटक केली आणि विमानाने नागपूरला आणलं. पोलिओमुळे ते नव्वद टक्के अपंग होते आणि व्हीलचेअरवर असत. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल या शहरात आजही दोन मतं ऐकू येतात. नोंद अशी, की गडचिरोलीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये जन्मठेप दिली, नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ ला निर्दोष सोडलं, आणि दोन दिवसांनी ते नागपूर कारागृहाच्या दारातून व्हीलचेअरवर बाहेर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात हैदराबादला ते वारले. व्हीलचेअरने विमानप्रवास म्हटलं की आपण सोयींचा विचार करतो. तिकीट दुसऱ्यानेच काढलेलं असतं तेव्हा उचलणं म्हणजे काय होतं, तेही या इतिहासातच बसतं.

जीजा घोष खटल्याच्या पुढच्या टप्प्यात, डिसेंबर २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली: अपंग प्रवाशाला उचलणं अमानुष आहे, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला हाताने उचलू नये. डकोटाच्या काळापासून जी गोष्ट दया म्हणून चालत आली, तिला एवढ्या वर्षांनी न्यायालयाने तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेतलं नाही म्हणून इंडिगोला पाच लाखांचा दंड झाला. तो उतार आणणारी कंपनी हीच. त्यानंतर नियम असा सुधारला, की प्रवासी उडायला योग्य नाही असं वाटलं तर आधी डॉक्टरचं मत घ्यायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईला न्यूयॉर्कहून आलेल्या दांपत्याला एकच व्हीलचेअर मिळाली. ती पत्नीला देऊन ऐंशी वर्षांचे गृहस्थ बरोबर चालत निघाले आणि वाटेत कोसळले. एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला.

त्या घटनेनंतर एक जुनी कुजबूज पुन्हा वर आली: गरज नसलेलेही व्हीलचेअर मागतात. मागतात हे खरं आहे. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठून अमेरिकेला एकट्या निघालेल्या आजीला पाय नसतात असं नाही, तिला इंग्रजी नसतं, फलक वाचता येत नाहीत, आणि मुलाने फोनवर सांगून ठेवलेलं असतं, “आई, व्हीलचेअर सांगून टाक, तो माणूस तुला बरोबर गेटपर्यंत नेईल.” तिला खुर्ची नको असते, खुर्ची ढकलणारा हवा असतो. तिला खोटारडी म्हणणं सोपं आहे. पण चालता येत असलेल्या माणसाला खुर्चीत बसल्याशिवाय वाट सांगायची नाही, ही व्यवस्था तिने तयार केलेली नाही. तिच्यामागे रांगेत जिला खरंच खुर्ची हवी अशी दुसरी आजी थांबते, हेही तितकंच खरं.

या सगळ्यात एक कोडं मात्र सुटलेलं नाही. माणूस विमानात पोचतो, त्याची स्वतःची खुर्ची पोचत नाही. विमानातली खुर्ची अपघातात शरीराच्या वजनाच्या सोळापट धक्का सोसेल अशी पारखून पक्की बसवलेली असते. तुमची व्हीलचेअर त्या परीक्षेत बसलेली नाही. शिवाय ती आतल्या वाटेत मावत नाही. म्हणून दाराशी तिच्यावरून उठायचं, अरुंद खुर्चीत पट्ट्यांनी बांधून घ्यायचं, आणि आपली खुर्ची बॅगांच्या सोबतीला पाठवायची. बॅटरीवर चालणारी असेल तर आणखी चौकशी: लिथियमची आहे का, निघते का, किती वॅटतासांची. निघणारी असली तर तीनशेपर्यंत चालते, किंवा एकशेसाठच्या दोन. ज्याला गणित नकोसं वाटतं त्यानेही ते आकडे पाठ केलेले असतात. मी एकदा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंबरोबर गेलो होतो. परतीला त्यांच्या खुर्चीची पाय ठेवायची पट्टी वाकून आली. कुठल्या कंपनीत ते सांगत नाही. जी कंपनी असती तिथे तसंच झालं असतं, अशी माझी समजूत आहे. तक्रारीचा अर्ज बॅगेचा होता. ‘वस्तूचा प्रकार’ या रकान्यात काय लिहावं, हे मला सुचलं नाही. त्या म्हणाल्या, “पाय लिही.”

आता सोनेगावला रात्री उशिरा विमान उतरलं की आधी सगळे उठतात, वरची कपाटं उघडतात, रांग लावतात. व्हीलचेअरवाला शेवटी. केबिन रिकामी होते, झाडणारे आत येतात, पुढच्या फेरीची बाटल्यांची गाडी चढते. खाली एक लोडर सामानातून एक मिटलेली खुर्ची बाजूला काढतो, तिला लटकवलेली चिठ्ठी वाचतो आणि तिला वर दारापर्यंत आणून उघडतो. बांधलेले पट्टे सुटतात. आपल्या खुर्चीत आल्यावर तो माणूस लगेच निघत नाही. तो दोन्ही ब्रेक लावून पाहतो, एक चाक हाताने फिरवून त्याचा आवाज ऐकतो, खाली वाकून पायपट्टीचा स्क्रू चाचपतो. मग ब्रेक काढतो.